तोंड आलंय

माय, तुझं तोंड का येत होतं ते मला आत्ता थोडं कळलं. कळून तुला उपयोग नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगावं असंही वाटत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

बाबा गेले त्या वर्षी तुझं तोंड आलं आणि पुढे ते पुरतं कधी गेलंच नाही. अंबडच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर मला दिसतं. तू आमटीचा येसर मसाला भाजतेस, मिरचीच्या खाटाने आम्ही सगळे खोकतो, तू तेवढी गप्प. दळून आलं की चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवतेस. "सांग, तिखट बराबर झालं का?" अख्खी गल्ली तुझ्या येसरची आमटी करायची आणि तुझं वरण मात्र फोडणीच्या आधी वाटीत काढून ठेवलेलं असायचं. आत्या एकदा म्हणाली, "सगळ्यांचं तोंड येतं न् जातं, तुझं काय माहेरपणाला आलंय?" तू ओठ मिटूनच हसलीस. "राहू द्या वन्सं, त्याला तरी माहेर हाय."

जो तो उष्णता म्हणायचा. तू जाईचा पाला चघळलास, तुरटीच्या गुळण्या केल्यास, कंपाउंडरने दिलेलं जांभळं औषध लावलंस, तेव्हा आम्ही विचारलं, जांभळं एकटीनेच खाल्लीस का. आ कर, बघू दे, असं कोणी म्हणालं नाही. बाबांचं जाणं आणि तुझं तोंड या दोन गोष्टी कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तुला तर त्या शब्दाची सोयच झाली. लग्नाचं बोलावणं यायचं, तिथे तुला मागच्या ओळीत बसवणार हे तुला ठाऊक असायचं. तू दारातूनच सांगायचीस, "तोंड आलंय बाई, बोलता येईना." एकदा तसं सांगून तू आत आलीस आणि माझ्या ताटातला ठेचा भाकरीला लावून खाल्लास. मी बघत राहिले, तेव्हा म्हणालीस, "आज कमी हाय."

आता माझं ऐक. तुझे जावई गेले आणि काही महिन्यांनी माझ्या गालात आग सुरू झाली. आधी तिखटाने, मग चहाने, मग दात घासतानाही. मी कॅन्सरच धरून चालले होते. पुण्याला लेकीला कळवलं नाही. मस्तगडच्या घरून रिक्षा केली आणि नवीन जालन्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. तिने माझ्या हातात आरसा दिला. गालाच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी होती, सुताने विणल्यासारखी, भोवती लाल. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. लायकेन प्लेनस असं नाव तिने सांगितलं. हा आजार मुळासकट जाईलच असं नाही, मलम लावायचं आणि दर काही महिन्यांनी दाखवून जायचं. मग तिने विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी घरात काही झालं होतं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

बाहेर बाकावर बसले, औषधाची चिठ्ठी घडी केली आणि पुन्हा आत गेले. म्हटलं, "आमचे हे गेले." तिने खुर्ची जवळ ओढली. दुःखानेच हे होतं असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही, म्हणाली, पण मनावर ताण आला की आग वाढलेली ती रोज बघते. आणि उलटही होतं. तोंड दुखलं की जेवण सुटतं, बोलणं सुटतं, माणूस एकटं पडतं, मन आणखी खचतं. "मलम मी देते. बोलायचं काम तुमचं. घरात कोणी नसेल तर सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देते." मी नंतर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. त्यातही जवळपास हेच आहे, फक्त लांबवून.

मी पुस्तक मिटून तुझा विचार करत बसले. तुझ्या गालात तीच जाळी होती का, हे आता कळायचं नाही. मी तसं धरून चालत नाही. पण वरणाची ती वेगळी वाटी आठवते, आणि त्याच वर्षीपासून घरात बाबांचं नाव निघेनासं झालं, तेही आठवतं.

आज दुपारी लेकीचा फोन आला. "आई, काय करून राह्यलीस?" ती तिच्या बाबांविषयी बोलणार हे तिच्या आवाजावरून कळलं. मी म्हणाले, "तोंड आलंय गं. बोलता येईना." ती म्हणाली, "बरं, मंग तू नुसतं हं म्हण. मी बोलते." आणि ती बोलत राहिली. बाबा मोसंबी सोलायचे तेव्हा साल अखंड निघायची, तिच्याच्याने अजून होत नाही, दर वेळी तुटते. मी हं म्हणत गेले.

हे तुला पोचायचं नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. माय, आज कमी होतं. सकाळी मी ठेचा खाल्ला होता.