हरण्याचं ‘ते’

सोलापूर, २२ ऑगस्ट

आईस,
शालनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपला वळू हरण्या बरा झालाय, हे आधी सांगते. फोनच केला असता, पण अण्णा स्पीकर लावतात आणि सगळा पार ऐकतो.

गायी गाभण राहीनात म्हणून त्याला इथं आणलं, तेव्हा वीर्याच्या थेंबात हालचालच नव्हती. काल आमच्या प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा तपासलं. वारूळ फुटल्यावर मुंग्या उधळाव्यात तसा थेंब हलत होता. डॉक्टर म्हणाले, “बाई, आता याला खच्ची करायचं कुणी नाव काढू नका.”

जनावरांच्या प्रदर्शनासाठी अण्णांनी दिलेलं हार्मोनचं इंजेक्शनच नडलं. अंग भरलं, पण बीज आटलं. नवं बीज तयार व्हायला दोन महिने लागतात, तेवढी वाट पाहिली. अण्णांनी स्वतःहून कबूल केलं म्हणूनच कारण कळलं, हे त्यांना आवर्जून सांग.

पारावर बिरुदेवकाका अजून हरण्याला “पैलवान हाय, पर बिनकामाचा” म्हणून हसतात का? अण्णा पोटभर जेवतात ना? तुझा गुडघा कसा आहे?

परवा अण्णांचा फोन आला होता. “हरण्याचं ते... कसं हाय गं?” लेकीपुढे तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना आणि मीही घाईनं पावसाचंच विचारलं.

सोमवारी ते हरण्याला न्यायला आले की त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवते. दोघांनाही काही बोलावं लागणार नाही, नुसतं बघायचं.

तुझी,
शालन