गनीभाईंच्या दारातली रांगोळी

उज्जैन, ४ नोव्हेंबर १९४९

चि. दत्तात्रयास अहल्याताईचे अनेक आशीर्वाद. तू इंदुरात वकील झालास आणि पत्राच्या उत्तरालासुद्धा तारखा पाडू लागलास, तेव्हा पुन्हा मीच लिहिते.

शेजारचे गनीभाई छीपा आणि रहीमनभाभी भोपाळला मुलीकडे गेले. तिचं बाळंतपण आहे हे खरं. पण कापडावर कंट्रोल, छपाईला थान मिळत नाही, आणि जुनी गिऱ्हाइकं आता मुसलमानाचं दुकान म्हणून नजर चुकवून जातात, हेही खरं. भाभी म्हणाल्या, मकानावर नजर ठेवा, बाळ जरा मोठं झालं की येतो. मोहल्ल्यात लगेच कुजबुज, की गेले हे कराचीला. मला संताप आला. घर ओसाड दिसू नये म्हणून रोज सकाळी त्यांच्याही दारात रांगोळी काढते, उंबऱ्याला हळदीकुंकू लावते. हे म्हणतात, मुसलमानाच्या दारी लक्ष्मी कशाला बोलावतेस. म्हटलं, तिला कुठे जात कळते.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई

इंदूर, १२ नोव्हेंबर १९४९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

या वेळी तारीख लवकर घेतली आहे, कारण काम नाजूक आहे. नव्या कायद्यानं, देश सोडून गेलेल्या मुसलमानाचं घर सरकार ताब्यात घेतं आणि तिकडून आलेल्या निर्वासितांना देतं. गेला की नाही, हे पुष्कळदा शेजारपाजाऱ्यांच्या बोलण्यावरच ठरतं. तुझी रांगोळी आजच बंद कर. मुसलमानाच्या उंबऱ्यावर कुंकू दिसलं की इन्स्पेक्टर लिहील, मालक कायमचा गेला, घर दुसऱ्यानं धरलं. गनीभाईंना तार कर. त्यांनी येऊन स्वतः कुलूप उघडावं.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा दत्तू

उज्जैन, ९ डिसेंबर १९४९

चि. दत्तूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी इन्स्पेक्टर येऊन गेला होता. तू म्हणालास तस्संच त्यानं लिहिलं. मी दफ्तरात गेले, सांगितलं की रांगोळी माझी आहे. बाबू हसला, म्हणाला, हिंदू बाई मुसलमानाच्या दारात रांगोळी काढेलच कशाला. माझं म्हणणं लिहूनही घेतलं नाही.

कुलूप फोडून घरात ईश्वरीबाई म्हणून शिकारपूरची सिंधी विधवा आणली आहे, पदरात दोन मुली. मी भांडायच्या तयारीनं गेले. तिच्या घरात घागरसुद्धा नव्हती. माझी देऊन आले. मग घरी येऊन स्वतःवरच चिडले. गनीभाईंना तार केली आहे. तू दाद माग, काहीही करून.

ताई

इंदूर, २० मार्च १९५०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

अर्ज फेटाळला. सुनावणीला गनीभाई आलेच नाहीत. भोपाळहून कळलं, की घर गेल्याची तुझी तार पोचली, तिथेही काम मिळेना, तेव्हा जावयाच्या सल्ल्यानं ते राजस्थानातून सरहद्द ओलांडून कराचीला गेले. कायदा त्यांना गेलेले म्हणाला तेव्हा ते भोपाळात होते. घर गेलं म्हणून गेले. तू जिवाला लावून घेऊ नकोस. रांगोळी नसती तर घर वाचलं असतं असं मी वकील म्हणून सांगू शकत नाही.

इंदूरला चार दिवस ये. लोभ आहेच, तो सांगायला नको.

दत्तू

उज्जैन, २ ऑगस्ट १९५०

चि. दत्तूस आशीर्वाद.

तुझ्याकडे येणं झालं नाही. ईश्वरीबाईच्या धाकटीला ताप होता, रात्री मीच बसत होते. पोरीचा काय दोष.

परवा ईश्वरीबाईनं माळ्यावरून गनीभाईंचे छपाईचे लाकडी ठसे आणून दिले. सरपण महाग आहे, तरी चुलीत घातले नाहीत म्हणाली. मी पुसून फडक्यात बांधून ठेवले आहेत.

आणि भाभींचं पत्र आलं. उर्दूत आहे, ह्यांनी वाचून दाखवलं. कराचीत त्यांना एका हिंदूचं सोडलेलं घर मिळालं. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं आहेत. पुसायला वाकलं की तुम्ही आठवता, हात धजत नाही. पुसू की राहू देऊ, ते तुम्हीच सांगा, असं लिहिलंय.

मी उत्तर लिहिलं, की पुसून टाका, आता घर तुमचं आहे. त्याला आठ दिवस झाले. फ्रीगंजातल्या पोस्टात दोनदा जाऊन आले, पत्र पिशवीतच राहिलं. हे तुझं मात्र आज टाकते. लोभ असू दे.

तुझी ताई