तबलीच्या आतली सही

३ नोव्हेंबर, रहिमतपूर
पेन परत आलं. सलीम स्वतः घेऊन आला, मिरजेहून, सकाळच्या गाडीने. टेबलावर ठेवलं, पाणी प्यायला, मग म्हणाला, "ताई, अब्बांना हे चालंना. दाबावं लागतंय."

आठ दिवस घातले होते मी त्यावर. त्यांच्याच दुकानातला तुनाच्या लाकडाचा तुकडा, लेथवर अंगठ्याएवढा जाड ठेवलेला, चाचांच्या, म्हणजे सलीमच्या अब्बांच्या, मुठीत बसावा म्हणून. मुठीत बसतो. कागदावर उमटत नाही. पेन जुळवायच्या किटमध्ये येते ती आखूड धातूची बॉल रिफिल. तिला जोर लागतो. आणि उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजव्या हातातून नेमका जोरच गेला.

कागदाचं एक वेळ सोडा. त्यांना लाकडावर लिहायचंय. तानपुऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी पातळ फळी, भोपळ्यावर चिकटवायच्या आधी तिच्या आतल्या अंगाला चाचा सही करतात. चाळीस वर्षं. एकदा चिकटली की ती सही कुणाला दिसत नाही, वाद्य फुटून दुरुस्तीला येईपर्यंत. आता दुखण्यानंतरचा पहिला तानपुरा. काम सलीमने केलंय, चाचांनी खुर्चीवरून सांगितलंय. धारवाडच्या गाणाऱ्या बाई डिसेंबरात न्यायला येणार. पॉलिश, तारा, जवारी, सगळं व्हायचंय, म्हणून वीस तारखेच्या आत तबली चिकटायलाच हवी.

"दुकानाचं छापील लेबल लावून टाकतो म्हटलं," सलीम म्हणाला, "तर अब्बांनी तबली उचलून उशाशी ठेवलीय. झोपतात पण तिच्याशेजारी. अम्मी म्हणती, मला सरकून झोपावं लागतंय."

४ नोव्हें.
तुनाच्या तुकड्यावर एकेक करून पाहिलं. शाईचं पेन: शाई रेषांतून पळते, अक्षराला मिशा फुटतात. मार्कर सलीमने आधीच देऊन पाहिलेला. चाचा म्हणाले, "गुळाच्या ढेपेवर नंबर घालतात तसं दिसतंय." जेल पेन: नुसतं टेकवलं तरी चालतं. सापडलं.

बाजारातलं जेल पेन बारीक, चाचांच्या बोटांतून निसटतं. सलीमने त्याला चिंधी गुंडाळून दिली होती. ते त्यांनी भिरकावलं. चिंधी जखमेला बांधतात म्हणे.

तर जेल रिफिल या किटमध्ये गेली पाहिजे. ती मापापेक्षा पेरभर लांब. टोकही जाड, किटच्या तोंडात शिरत नाही. पुण्याच्या किटवाल्याला फोन.
"मॅडम, त्या किटला तीच रिफिल. ते ठरलेलं असतं."
"कुणी ठरवलं?"
"बनवणाऱ्यांनी. तुम्ही बदल केलात तर वॉरंटी जाईल."
"जाऊ द्या."


तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर मजकूर कापून कॉलमात बसवला. आता कॉलमने सरकावं.

५ नोव्हें.
रिफिल मागून कापली. चूक. जेलच्या शाईमागे घट्ट तेलाचा बोळा असतो, तो शाईला अडवून धरतो. ब्लेड नेमकं त्यात गेलं. टेबल, बोटं, चष्म्याची दांडी, सगळं निळं. चेहऱ्यावर कुठे लागलं ते दूधवाल्याच्या तोंडावरून कळलं.

म्हणजे आधी शाई खाली उतरायला हवी. मग बोळा खाली येईल, मग वरचं रिकामं कापता येईल. शाई उतरवायचा एकच मार्ग, लिहिणे. म्हणून ही नोंद नव्या रिफिलने लिहितेय आणि कारण नसताना लांबवतेय. आयुष्यभर लोकांना सांगितलं, दोनशे शब्दांत आटपा.

६ नोव्हें.
लिहिणं चालू. सातारा ते मिरज सगळी स्टेशनं, दोन्ही दिशांनी. आईची पुरणाची कृती. ऑफिसातल्या ज्या साहेबांनी माझ्या बातम्यांची वाट लावली त्यांना पत्रं, पाठवायची नाहीत अशी. या पत्रांत बरीच शाई गेली.

७ नोव्हें.
अठरा पानं. बोळा पेरभर खाली. कापली. गळत नाही. लांबी बरोबर बसली.
पण तिला जागा करायला मागची पिळायची सोय काढावी लागली. टोक आत जात नाही, कायम बाहेर. टोपण वेगळं करून देईन. आता तोंडाचं भोक.

८ नोव्हें.
बाळू मिस्त्रीकडे गेले. ट्रॅक्टरची कामं करतो, स्टँडमागे. किटचं तोंड तळहातावर घेतलं, फुंकर मारून पाहिली.
"ताई, ह्ये काय? नाकातली चमकी हाय काय?"
"पेनाचं तोंड आहे. भोक वाढवून पाहिजे. केसभर."
"आवं, धा रुपयाला पेन मिळतंय की दुकानात. लय नाजूक काम हाय ह्ये."
"मिळतं. धरता येत नाही."
त्याने वर पाहिलं. "कुणाला?"
सांगितलं. हातातला पाना खाली ठेवला त्याने. शर्टाला बोटं पुसली. पहिलं तोंड मशीनवर लावलं तर चुरगळलंच. "गेलं," म्हणाला, जणू माणूस गेलं. दुसरं, मी जादाचं नेलेलं, चामड्याच्या तुकड्यात धरलं आणि ड्रिलचं पातं नुसत्या हाताने फिरवत बसला. बाहेर एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.
"अरं थांब की गड्या! हितं आपरेशन चाललंय."
पैसे घेईना. म्हणाला, "त्यांनी सही केली की सांगा फकस्त."

१० नोव्हें.
जोडलं. टोक बाहेर येतं, लिहितं, पण डुगडुगतं. भोक केसभर नाही, दोन केस झालं. टेकवलं की आत खट् असं हलतं. प्लास्टिकची चकती कापून घातली, तर रिफिल अडकली. ती काढली. चिकटपट्टी लावली, लिहिताना गोळा होऊन बाहेर आली.

पेन बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. उपाय एकानेही सांगितला नाही. एकाने लिहिलं, मूळ किटशी छेडछाड म्हणजे कलेचा अपमान. मी उत्तर दिलं: केली आहे, पुढेही करणार. तिघांनी अंगठा वर केला. चौथा ग्रुप सोडून गेला.

१२ नोव्हें., मिरज
डुगडुगतं तसंच घेऊन आले. चाचा खाटेवर, भिंतीला टेकून. तबली खरंच उशाशी, धुतलेल्या चादरीत गुंडाळून.

पेन घेतलं. लिहिलं नाही. कानाशी नेऊन हलवलं. पुन्हा हलवलं.
"जवारी बिघडलीय हिची," म्हणाले.
सलीम हसला. ते हसले नाहीत. "सूत दे."

जवारी, म्हणजे तारेचा गुंजता सूर, जमवायला तानपुऱ्यात तारेखाली, घोडीवर, सुताचा धागा सरकवतात. जागेवर आला की तार बोलू लागते. तोच धागा. चाचांनी रिफिल काढायला लावली, धाग्याचं एक टोक दातात धरलं, आणि डाव्या हाताने तिच्या टोकाशी वेढे दिले. तीन. बसेना. एक काढला. हलली. मग अर्धा वेढा वाढवला. घातली, कानाशी हलवली. आवाज नाही.
मी दहा दिवस धडपडत होते. त्यांना पाच मिनिटं.

पेपरच्या कडेला एक रेघ ओढली. उमटली. मग अक्षरं. मुंगी पाण्यातून निघून चालली तशी.
सलीम वाकून बघत होता. "अब्बा, नाव वाचता येत न्हाई."
"तुला वाचायला लिहीत न्हाई."

मग भांडण. सलीमचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, म्हणून लिहून ठेवते. धारवाडच्या बाईंच्या गुरूंकडे चाचांचा जुना तानपुरा होता. तो एकदा दुरुस्तीला उघडला, तेव्हा बाईंनी आतली सही डोळ्यांनी पाहिलीय. उद्या हा उघडला आणि सही वेगळी निघाली, तर लोक म्हणणार पोराने केली, वर बापाचं नाव घातलं. "माझ्या हाताची चोरी ठरंल ती," सलीम म्हणाला. त्याने निळं स्टँप पॅड आणून ठेवलंय. "अंगठा उठवा अब्बा. अंगठ्याला कोण खोटं म्हणणार न्हाई."

चाचांनी पॅड दूर सारलं. जीभ अजून जड आहे, शब्द जुळवावे लागतात.
"अंगठा मढ्याचा पण उठतो," म्हणाले. "सही जित्या माणसाची."
"पण वेगळी दिसती, अब्बा!"
"वेगळीच हाय. हात वेगळा हाय आता."

अम्मीने आतून चहा पाठवला. तिघेही एकमेकांकडे न बघता प्यायलो.

१५ नोव्हें., रहिमतपूर
चाचा रोज सराव करतात. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, महिन्यामागून महिना. मार्च संपला म्हणे.
दुपारी सलीमचा फोन. टोपण लावायचं राहिलं, टोक वाळलं. चपलेच्या तळव्यावर हलकं फिरव, सांगितलं. फिरवलं, सुरू झालं. तरी फोन ठेवीना.
"ताई, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. अंगठा द्या म्हणावं."
"मी नाही सांगणार."
"रात्री हात दुखतो त्यांचा. तुम्ही नसताय हितं."
खरं आहे. मी नसते तिथं.

बातमीत आपण पडायचं नसतं. हा नियम मी पोरापोरींना शिकवला, स्वतः पाळला. आता पडले आहे. पेन नसतं तर चाचांनी एव्हाना अंगठा दिला असता, किंवा लेबलला हो म्हटलं असतं, आणि हाताला आराम मिळाला असता. हे मीच चालू ठेवलंय का? की ते? संध्याकाळभर विचार केला. दुसरी रिफिल कापायला घेतली. असू दे.

१६ नोव्हें.
किटवाल्याचा फोन. विचारत होता, जेल बसली का. बसली. कशी? सुताने. म्हणाला, थांबा, लिहून घेतो.

१९ नोव्हें., मिरज
उद्या वीस. सलीमने सकाळीच चिकटवायचा सरस गरम करायला ठेवलेला, दुकानभर वास. भोपळा गादीवर, तोंड वर. चाचांना खुर्चीसकट आणलं दुकानात. मांडीवर तबली, आतली बाजू वर. एवढी गुळगुळीत की हात फिरवायचा मोह झाला. नाही फिरवला.

पेन मी दिलं. स्टँप पॅड सलीमने बाजूच्या स्टुलावर ठेवलं, झाकण उघडून. 
चाचांनी दोघांकडे पाहिलं. "भायेर."
"अब्बा, तबली धरायला..."
"भायेर. तुमी बी, ताई."

दार ओढून घेतलं. पायरीवर बसलो. शेजारच्या दुकानात कुणी तरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं, लागत नव्हती. सलीम म्हणाला, सरस थंड होतोय. मग म्हणाला, मी लहान असताना सही करताना मला पण बाहेर काढायचे, मला वाटायचं आत मंत्र लिहितात. मग म्हणाला, ताई, आत पडले-बिडले असतील का. उठला. मी हाताने बसवलं.

आतून काही तरी घसरल्याचा आवाज. पुन्हा शांत. 

"सुतळी आण!"

दार ढकललं. तबली भोपळ्यावर बसलेली होती. कडेने सरस ओघळलेला, एका बाजूला जास्त, डाव्या हाताचं काम. चाचा दोन्ही कोपरांनी ती दाबून धरून, घामाने निथळत. पेन खाली पडलेलं, टोपण नाही. उजव्या हाताच्या बोटांना निळं लागलेलं. अंगठ्यालाही. पॅड निळं, जेलही निळी.

सलीमने अंगठ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, पॅडकडे पाहिलं.
"अब्बा, काय केलं? सही का..."
"उघडून बघ," चाचा म्हणाले. श्वास पुरत नव्हता, तरी तोंडावर हसू होतं. "बांध आधी. सरकतीय."

सलीम तसाच उभा. तबली चिकटत होती, क्षणाक्षणाने. मी सुतळीचं एक टोक धरलं. दुसरं त्याच्यापुढे केलं. त्याने घेतलं, आणि गुडघा टेकून जोरात आवळलं.