कोपरापर्यंत विभूती

निजामभाईंना पंचाक्षरीचा शरणार्थ आणि सलाम, दोन्ही. एक परत पाठवलास तरी दुसरा तुझ्याकडे राहील, म्हणून दोन धाडतो. जोहराभाभींच्या गुडघ्याला आराम आहे का? लेक, जावई, नातवंडं खुशाल असतील. हिमायतनगरकडे पाण्याची बरी सोय आहे असं ऐकतो. इथं आपल्या विहिरीचा तळ दिसतो आहे. तुझ्या पाळीच्या दिवशी मी मोटार लावत नाही, त्यामुळे विहिरीला दिवसाआड सुट्टी मिळते. बाकी आमच्याकडे सर्व ठीक आहे. (ठीक नाही. पण पत्रात असंच लिहायची पद्धत आहे.)

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तू कडुलिंबाखाली पाला टाकून झाकलेला बटाट्याचा ढीग. तो विकायचा की बियाण्याला ठेवायचा, ते कळव. एवढंच काम होतं. पण पोस्टात कार्ड संपली होती म्हणून आंतरदेशीय घेतलं, आणि आता जागा उरते आहे, तर मागचं थोडं लिहितो.

तुला आठवत असेलच, आपला लातूर जिल्हा नवा झाला आणि पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला. सऱ्यांना भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून पाकोळ्या, ते बारीक राखी पतंग, अंडी घालायला थेट बटाट्यांपर्यंत उतरल्या. तेव्हा शेतकीचे हणमंतराव साहेब माझ्या हातात एक डबी देऊन गेले. आत वाळून काडी झालेल्या अळ्या होत्या. साहेब म्हणाले, ह्या मेलेल्या अळ्यांच्या पोटात बारीक चिलटं आहेत. ती बाहेर येतील, पाकोळीच्या अंड्यांत आपली अंडी घालतील, मग त्यातली अळी वाढेल खरी, पण पाकोळी व्हायच्या आत अशीच वाळून जाईल. चाळीस दिवस धीर धरा आणि कीड मारायची पावडर अजिबात टाकू नका. तुमचं दोघांचं मिळून एक एकर आहे, तेव्हा बांधाच्या दोन्ही अंगांना सारख्या ठेवा, असंही ते म्हणाले होते. हे शेवटचं वाक्य मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगतो. तू निम्म्या अळ्या मागितल्यास तेव्हा मी म्हणालो, डबीचा कागद माझ्या नावावर आहे. तू हसलास, "पंचा, चिलटाला सातबारा कळतो व्हय रं?" मला तेव्हा राग आला होता. आता हसू येतं, पण बरोबर हसायला बांधापलीकडे कोणी नाही.

सगळ्या अळ्या मी माझ्याच अंगाला ठेवल्या. अठराव्या दिवशी पाहतो तर पिकावरच्या अळ्या चांगल्या जाडजूड, माझ्या मेव्हण्यासारख्या. (आधी त्या जाडच होतात, हे साहेबांनी सांगितलं होतं. पण ते सांगून साहेब गेले, आणि अळ्या मात्र रोज समोर.) माझा धीर सुटला. शुक्रवारी तू नमाजला गेलास हे पाहिलं आणि मी माझ्या सगळ्या वावरात पावडर धुरळली. घरातला ढेकूण चिमटीत धरून अंगणात सोडणारा मी माणूस, पण त्या दुपारी अख्खी पिशवी रिकामी केली. तू नेमका लवकर परतलास. माझं कपाळ पांढरं, हात पांढरे. हे काय, म्हणून विचारलंस. मी म्हणालो, विभूती. तू म्हणालास, "आज लई भक्ती हाय. कोपरापत्तुर?" आणि चालता झालास. मला वाटलं, तुला पटलं.

मग माझ्याकडची चिलटं संपली आणि आधीच बांध ओलांडून गेलेली तुझ्याकडे मात्र उडू लागली. जोहराभाभींनी धण्यासाठी बांधावर राखलेली कोथिंबीर फुलावर आली होती, तिथं ती बसायची. मी शहाण्या माणसानं काय करावं? लातूर गाठलं आणि अर्ज दिला, की माझे सरकारी कीटक शेजाऱ्याने कोथिंबिरीची लालूच दाखवून पळवले असून ते परत मिळावेत. नव्या ऑफिसात टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. कारकुनाने अर्ज उभ्यानेच वाचला. वाचल्यावर त्याला बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं.

साहेब भिंग घेऊन आले, निम्मं गाव बांधावर जमलं. माझ्याकडची माती चिमटीत घेऊन त्यांनी वास घेतला आणि विचारलं, इथं पावडर कोणी टाकली? निजाम, मी तोंड उघडलं होतं. महादेवाशपथ उघडलं होतं. पण त्यातून काही निघायच्या आत तू म्हणालास, "म्याच टाकली, साहेब. पंचा गावाला गेलता, त्याच्या पिकाचे हाल बघवंनात." साहेबांनी तिथल्या तिथं तुझं नाव यादीतून काढलं, म्हणजे पुढच्या साली डबी नाही, बियाणं नाही. आणि मी तोंड मिटलं. गावात तुला पावडरभाई म्हणू लागले तेव्हाही मिटलेलंच ठेवलं. तू बटाटे काढलेस, ढीग झाकलास, दोन दिवसांत येतो म्हणून लेकीकडे गेलास, त्याला आज एक महिना बावीस दिवस झाले. तुझी रुद्राणीवहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि काम फारसं काढत नाही. मला फार लाज वाटते. तीस वर्षं आपण एका विहिरीवर भांडलो, आता एकट्याला तिथं करमत नाही.

असो. ढिगाचं तेवढं कळव.

तुझा (अजून म्हणू देशील तर)
पंचाक्षरी

ता. क. : ढिगाचंही खरं तेच सांगतो. तुझे बटाटे धड आहेत, आत जागोजाग वाळक्या अळ्या सापडतात, म्हणजे चिलटांचं काम चालू आहे. माझ्या ढिगाची चाळण झाली. म्हणून तुझ्यातल्या दोन ओंजळी अळ्या तुला न विचारता उचलून मी माझ्या ढिगात टाकल्या. कीटक पळवल्याचा अर्ज आता तू करू शकतोस. ऑफिसात खुर्च्या आल्या आहेत.

आणखी ता. क. : खुर्च्यांचं मला कसं कळलं, असं विचारशील. परवा गेलो होतो. पावडर मीच टाकली, निजामोद्दीनचं नाव यादीत परत घाला, असं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शेजाऱ्यासाठी खोटा आळ अंगावर घेणारी माणसं आता राहिली नाहीत. मला चहा पाजला. तो पिऊन मी पुन्हा तेच सांगितलं. ते म्हणतात, खरंच तुम्ही टाकली असेल तर साक्षीदार आणा. मला त्या दिवशी पाहणारा जगात एकच माणूस आहे. तेव्हा येत्या सोमवारी भाभींना घेऊन ये, मी सकाळपासून अहमदपूरच्या स्टँडवर थांबतो, भाभींना गावच्या गाडीत बसवू आणि तिथून आपण दोघं लातूरला जाऊ. साक्ष माझ्याविरुद्ध द्यायची आहे. ह्या खेपेला मला सांभाळून घेऊ नकोस. कोपरापर्यंत होती, असं स्पष्ट सांग.