हरकत नसेल तर काढून टाकते

प्रिय दादा,

हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मेल परत येतात, फोन लागत नाही, म्हणून तुझ्या शेवटच्या घरमालकाच्या पत्त्यावर पाठवतेय. त्यांनी पुढे पाठवलं तर माझं नशीब. मी बरी आहे. वरच्या मजल्यावरचा नळ अजून माझ्याच स्वयंपाकघरात गळतो आणि प्लंबर 'उद्या नक्की' म्हणून गेला की पुन्हा उगवत नाही.

ऑफिसात सध्या साफसफाई चाललीय, कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या कर्नलच्या सुरुवातीच्या कोडची. समोरच्या काकूंनी परवा विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय गं? म्हटलं, कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जो कोड उठतो आणि मग मेमरी, डिस्क, स्क्रीन असं एकेकाला उठवत सुटतो, त्यातली अडगळ काढते. म्हणाल्या, मग माझ्या माळ्यावरचीही काढून दे. तुला हसू आलं असतं. मला दारात उभ्या उभ्या एकदम तुझी इतकी आठवण आली की मी पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करत राहिले.

काम तसं मजेचं आहे. काय काय जपून ठेवलंय लोकांनी! आता कुणाकडेही नसलेल्या कीबोर्डांची चौकशी, एकच गोष्ट दोनदा तपासणं, कुठे 'याला हात लावू नका' अशी टीप, आणि का ते कुणालाच ठाऊक नाही. मी सगळं काढलं. कर्नल हलका झालाय, झटकन उठतो. आमचा साहेब, ज्याला आम्ही मागून कात्री म्हणतो, तो जाम खूश आहे. मग वाटेत तू लिहिलेला कोडचा तुकडा आला, जुन्या डिस्कसाठी थांबणारा. डिस्कला हाक मारायची, उत्तर नाही आलं तर थोडं थांबायचं, पुन्हा हाक मारायची. वर तुझं नाव आणि खाली तुझी ती तिरकस टीप: 'हिला घाई केलेली आवडत नाही.' अगदी आईसारखी, असं तू तेव्हा म्हणाला होतास, आणि आई आतून म्हणाली होती की ऐकू येतंय मला.

ज्या जुन्या कॉम्प्युटरसाठी तू तो लिहिलास, ते घरचं मशीन माझ्याकडेच आहे, हे तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. आई गेल्यावर घर रिकामं करताना तू 'मला काहीच नको' म्हणालास आणि निघून गेलास. भांडलो असतो तर निदान काय बिनसलं ते तरी कळलं असतं. मशीन मी जेवणाच्या टेबलावर ठेवलंय. अर्धं टेबल त्यानेच अडवलंय, पण एकटीला कितीशी जागा लागते? मागच्या रविवारी तुझा तुकडा काढलेला कर्नल त्यावर चालवून पाहिला. स्क्रीन काळीच. डिस्क बिचारी घरघर करत उठत होती, पण तोवर ती नाहीच असं धरून कर्नलने हात टेकले होते. तुकडा परत घातला, तर सगळं सुरळीत. मी वेड्यासारखी रडले रे तिथे बसून.

सोमवारी मी कात्रीला सांगितलं की हे मशीन अजून वापरात आहे. तो म्हणाला, काढणारीच वापरणारी, असं कसं चालेल, दुसरं कुणीतरी बोलायला हवं. आपल्या धंद्याची रीत तुला मी काय सांगू? काढण्याआधी चारचौघांत विचारायचं, आणि ज्याने लिहिलं त्याला वेगळं विचारायचं. "गप्प बसले म्हणजे हो म्हणाले," एवढं बोलून तो मीटिंगला गेला. मी सगळ्यांना विचारलं, कुणीही बोललं नाही. महिनाअखेरीला नवी आवृत्ती निघतेय, त्याआधी तुकडा जाईल. आता विचारायचा राहिलास तो तूच.

खरं सांगू? मशीनचं मला फारसं काही नाही. जुना कर्नल घालून ते मी माझ्यापुरतं चालू ठेवीन, त्यासाठी कात्रीची परवानगी नको. पण त्या तुकड्यावर तुझं नाव आहे, म्हणून मला तुला विचारावंच लागतं. तो गेला की तुला लिहायला माझ्याकडे काही निमित्तच उरत नाही. कसा आहेस, कुठे आहेस, हे विचारून झालं, त्याला तू उत्तर देत नाहीस. कोडबद्दल विचारलं की मात्र पूर्वी तू अनोळखी माणसालाही उत्तर द्यायचास, तेही जेवण अर्धं टाकून. म्हणून रीतसर विचारतेय: काढू का? नको म्हण, दादा. का ते लिहू नकोस, पत्ताही देऊ नकोस. नुसतं नको म्हण, म्हणजे तू कुठेतरी आहेस एवढं मला कळेल.

तुझीच,
बारकी