काशाच्या कुत्र्यावरचा हात

७ नोव्हेंबर १९५१
आठ दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणतो अन् भटकत बसतो. कबूल. आज तर गुलमंडीत चाकूला धार लावणाऱ्याच्या ठिणग्याच बघत राहिलो. तर, नोकरी लागली! औरंगपुऱ्यात नजमुन्निसा बेगमच्या कोठीत फ्रान्सहून आणलेली काशाची जनावरं पुसायची. लई देखणी. मगर धरलेला वाघ, एका पायावरचा सारस, अन् जिन्यापाशी खऱ्याएवढा शिकारी कुत्रा, पोटाखाली कारागिराचं नाव. कोठीतला जुना नोकर चांदपाशा सांगत होता, तिकडं पुतळा घडवणारा वेगळा, ओतणारा वेगळा, केस कोरणारा वेगळा. पुढंही काही सांगत होता, पण खिडकीखाली अस्वलवाला आला अन् मी पळालो.

९ नोव्हेंबर
आई हंडे घासायची तसा चिंच-राखेनं कुत्रा घासला. सोन्यासारखा निघाला! बेगम आल्या, बघितलं, अन् जिन्यावरच बसल्या. चांदपाशा म्हणाला, "अरे दीवाने, मळ नव्हता तो! तेजाबानं चढवलेला काळा रंग होता." त्या दिवशी हेच सांगत होता.
बेगमचा एकुलता मुबारक येता-जाता कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. तेवढीच जागा झिजून पिवळी झालेली. तीन वर्षांमागच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, सतराव्या वर्षी, घरातून गेला तो गेलाच. बेगम रोज त्या पिवळ्या जागेवर हात टेकायच्या. आता सगळाच कुत्रा पिवळा.
मला हाकललं नाय. "बैठ बेटा, खाना खा ले," म्हणाल्या.

११ नोव्हेंबर
कुत्र्याच्या डोक्यावर काळा डाग. वाकून बघितलं तर लहान मुलाचा पंजा. उघडं कासं घामानं काळवंडतं, असं चांदपाशा सांगतो. पण कोठीत लहान मूलच नाय. बेगमनी आपला हात शेजारी धरला. म्हणाल्या, मुबारक पाच वर्षांचा होता तेव्हा त्याचा पंजा एवढाच होता.

१२ नोव्हेंबर
पंजा वाढला. बेगम म्हणतात, येतोय. मुबारकची खोली झाडून घेतली.

१३ नोव्हेंबर
आज पुरा हात. करंगळी वाकडी, त्याची होती तशीच. बेगमनी त्यावर गाल टेकला. किती वेळ.

१४ नोव्हेंबर
बरं झालं, मी आधी उठलो. तळहात नाही. नुसत्या बोटांच्या रेघा, सांध्या-सांध्याशी तुटलेल्या. मांस नसल्यासारख्या —
चिंच लावून पुसून टाकलं. बेगमना सांगितलं, आज काही उमटलं नाय. "थक गया होगा बच्चा," म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर
पुन्हा हाडं. पुन्हा घासलं. बोटं सोलली. स्वयंपाकघरात बेगम शेवया भाजतायत, त्याच्यासाठी. सांगू कसं —

१६ नोव्हेंबर, दुपार
आज काहीच नाही. स्वच्छ. वाटलं, सुटलो —
खाली चांदपाशा ओरडतोय. मुबारकमियाँ आले म्हणतोय. बेगम अनवाणी धावल्या. मी वरून बघतोय — ऊन एवढं, अन् अंगभर शाल. बेगम म्हणतायत, हात दे बेटा. हात आतच. मी चौदा तारखेलाच सांगायला हवं होतं — बेगम शाल बाजूला करतायत —