मुलाने लपवलेला खोकला तपासला जाण्याबाबत

प्रति,
माननीय डॉ. मंजुषा खरवंडीकर,
वैद्यकीय अधिकारी,
कंपनी कर्मचारी दवाखाना, धाहरान.

अर्जदार: श्रीमती श्यामला चारुदत्त सबनीस, वय ७४, मुलाच्या इकाम्यावर (निवास-परवान्यावर) राहणारी.

विषय: माझा मुलगा गिरीश सबनीस याचा खोकला येत्या रविवारच्या आत आपल्याकडून तपासला जाण्याबाबत.

संदर्भ: (१) सन १९८६ मधील घटना. (२) काल सायंकाळी त्याचे जिन्यात थांबणे.

महोदया,

१. आज घडते आहे ते पूर्वी सन १९८६ मध्ये एकदा घडले आहे. त्या वर्षी रियाधच्या अल मलाझ भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, एका तरुण माणसाने आपला खोकला लपवला. आज माझ्या मुलाने तेच आरंभले आहे. आपण मराठी आहात असे सूनबाई सौ. आसावरीने सांगितले, म्हणून धीर करून मराठीतच लिहीत आहे. गिरीशला या अर्जाची कल्पना नाही.

२. गिरीश (वय ४४) आपल्याच कंपनीत इंजिनीयर आहे. महिन्यापूर्वी नातू सुयश शाळेतून सर्दी-ताप घेऊन आला. तो लगेच बरा होऊन क्रिकेटला पळाला. गिरीशची सर्दी मात्र छातीत उतरली. आधी कोरडा खोकला, मग पांढरा कफ, आता पिवळा-हिरवा. मध्ये धुळीचे वादळ झाले तेव्हा तो साइटवर होता, मास्क गाडीत राहिला होता. परवापासून संध्याकाळी अंग तापते. काल लिफ्ट बंद होती, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो कठडा धरून उभा राहिला आणि मोबाइल पाहत असल्यासारखे केले. मोबाइलचा पडदा काळा होता. मी वरून पाहत होते.

३. खोकला कसा लपवला जातो तेही लिहिते, कारण तो आपल्यासमोरही लपवील. घरात उबळ आली की तो स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावतो. सूनबाई म्हणाली, "अहो, निदान खोबरं तरी घाला त्यात, रिकामा फिरवून मोटर जाळाल." फोनवर उबळ आली की तो मोठ्याने हसतो. त्याच्या साहेबांनी विचारले म्हणे, "गिरीशभाई, आजकल बडे खुश रहते हो?" मी विचारले की एकच उत्तर, "धूळ आहे गं आई. ही सौदी आहे, कोकण नाही." सुयशला विचारावे तर तो म्हणतो, "आजी, रिलॅक्स, डॅडला ॲलर्जी आहे." बापलेक दोघे मिळून मला समजावतात आणि मिक्सर चालूच राहतो.

४. औषधाचे म्हणाल तर पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून आमच्याकडे अँटिबायोटिक येते. इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून साठा. त्यातली पांढरी गोळी गिरीशने खोकला थोडा कमी होईपर्यंत घेतली आणि सोडली. पुन्हा वाढला तेव्हा लाल कॅप्सूल सुरू केली. आता कोणती चालू आहे ते त्यालाही नीट सांगता येणार नाही. सूनबाईने डबा लपवला तर म्हणाला, "रविवारपर्यंत मला फक्त आवाज बंद हवाय. मग बघू." आवाज बंद हवाय! छातीबद्दल असे बोलतात का?

५. रविवारी काय आहे ते आपणांस ठाऊकच असेल. नव्या प्रकल्पावर जाण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी आहे आणि तीत छातीचा एक्स-रे आहे. खोकला आहे असे कळले की एक्स-रेत डाग शोधतील, डाग दिसला की 'अनफिट' लिहितील, आणि 'अनफिट' म्हणजे खुरूज, कायमचे परत जाणे, अशी त्याची पक्की समजूत आहे. सुयशची दहावी, सूनबाईची नोकरी, सगळे त्या एका फिल्मवर टांगले आहे असे तो समजतो. ही समजूत त्याला कुणी दिली ते फक्त मी सांगू शकते, कारण तेव्हाच्या त्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी इथे आता मीच उरले आहे.

६. सन १९८६ मध्ये आमच्याकडे यज्ञेश राहत असे. मूळचा सिन्नरचा, माझ्या यजमानांच्या हाताखाली काम करी. लग्न व्हायचे होते, म्हणून जेवण आमच्याकडे. पाच वर्षांच्या गिरीशला खांद्यावर घेऊन तो तीन मजले एका दमात चढत असे आणि वर आल्यावर ओरडत असे, "वहिनी, विमान उतरलं, दार उघडा!" मलाझमध्ये तेव्हा आम्हां मराठी माणसांची मोजकी घरे होती. शुक्रवारी सगळी आमच्या दिवाणखान्यात जमत, चटईवर पत्ते मांडले जात आणि साबुदाण्याची खिचडी टोपभर लागे. त्या खिचडीचा वास अजून कधी कधी मला येतो.

७. त्या हिवाळ्यात यज्ञेशला सर्दी झाली आणि खोकला लागला. त्याच सुमारास त्याला दुसऱ्या कंपनीत जायचे होते आणि तपासणी व्हायची होती. दवाखान्यात जा म्हणून मी रोज म्हणे. यजमान म्हणत, "तपासणी होऊ दे, मग जाईल." त्यांचे मित्र रूपेश पत्त्यांच्या डावात कॅप्सूलचे पाकीट पानांबरोबर वाटत. "यज्ञ्या, खोकलास की खलास! यल्ला, चल, गीळ." सगळे हसत. यज्ञेशही हसे. छातीतून सूं सूं आवाज येऊ लागला तेव्हा म्हणाला, "वहिनी, आत पेटी वाजतेय. टाळ आणा, भजनाला बसू." मी हसले नाही. पण माझे न हसणे तिथे कुणी पाहिले नाही.

८. तो तपासणीपर्यंत पोहोचलाच नाही. आधी 'विमान' बंद झाले, मग दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला त्याला बसावे लागू लागले, आणि एका दुपारी कामावरच तो कोसळला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, एका बाजूला पू. डॉ. अमिरुन्निसा म्हणून हैदराबादच्या बाई होत्या, त्यांनी नळी घालून पू काढला. त्या यजमानांना जे म्हणाल्या ते मी दाराशी उभी राहून ऐकले. "सुरू सुरू में आते तो सिर्फ ब्राँकायटिस था, साहब. मैं छाती सुनती, भाप-आराम बोल के घर भेज देती. एक्स-रे में तब कुछ दिखता भी नहीं शायद. अब दिखता है."

९. तो दोन महिने इस्पितळात होता. तोवर नवी नोकरी गेली होती आणि जुन्या कंपनीचा करार संपला होता. विमानतळावर पोहोचवायला आम्ही सगळे गेलो. त्याच्या काखेत एक्स-रेचे मोठे तपकिरी पाकीट होते. गिरीशने वडिलांना विचारले, "बाबा, काकाच्या त्या पाकिटात काय आहे?" हे म्हणाले, "काकाचं परतीचं तिकीट." मुलाला तेच लक्षात राहिले. पुढे शुक्रवारच्या बैठकीत तीच गोष्ट झाली, "यज्ञेशला एक्स-रेने घालवला." मी दोनदा दुरुस्त करून पाहिले की एक्स-रेने नाही, लपवण्याने घालवला. पण तिकिटाची गोष्ट सांगायला सोपी होती. आज ती धाहरानच्या प्रत्येक मराठी घरात आहे. परवा गिरीशने ती मलाच ऐकवली.

१०. माझी भाची डॉ. गौरी नाशिकला छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, छातीला कान लावल्याशिवाय मी ठामपणे काही सांगणार नाही. पण आता ताप आणि धाप आहे ना, मग हे घरी बसून बघायचं राहिलं नाही. आज-उद्यात दाखवा." पुढे तिने जे सांगितले ते आपल्याला मी सांगणे म्हणजे उद्धटपणा आहे. तरी लिहिते, कारण हीच वाक्ये आपण त्याला सांगावीत अशी माझी विनंती आहे. ब्राँकायटिस म्हणजे श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज येणे आणि कफ साचणे. बहुतेक वेळा तो विषाणूमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी उलट जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडेल तेव्हाची वाट बंद होते. कफ हिरवा झाला म्हणजे जंतूच असतात असे नाही. खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. पण त्याहून लांबला, ताप आला, दम लागला, कफात रक्त दिसले, तर तपासायलाच हवे. डॉक्टर आधी विचारपूस करतात, छाती ऐकतात, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहतात. एक्स-रे काढतात तो न्यूमोनिया नाही ना हे पाहायला. साध्या ब्राँकायटिसमध्ये तो बहुधा स्वच्छ येतो. क्षयाची शंका आलीच तर कफ तपासतात, आणि तो रोगही औषधाने बरा होतो. विश्रांती, पाणी, गरज पडली तर श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप, एवढे पुष्कळांना पुरते. पुढे होऊ नये म्हणून धुळीत मास्क, एसीच्या जाळ्या धुणे, हात धुणे, फ्लूची लस. सिगारेट त्याने सोडली आहे असे तो म्हणतो. ते आपणच विचारावे.

११. गौरीने हेही सांगितले की माणसाच्या मर्जीविरुद्ध डॉक्टर त्याला तपासू शकत नाहीत. मान्य आहे. म्हणून माझी मागणी अशी. उद्या शुक्रवारची सुट्टी, म्हणून शनिवारी सकाळची वेळ माझ्या नावाने द्यावी. कारण 'वृद्ध स्त्री, खोकला' असे लिहावे. मी एकटी येऊ शकत नाही, तेव्हा गिरीशला मला आणावेच लागेल. खोकण्याचा सराव मी चालू केला आहे, काल सुयश म्हणाला, "आजी, तुलाही ॲलर्जी?" आपण माझी छाती ऐकावी आणि मग शेजारच्या खुर्चीकडे वळून त्याला फक्त विचारावे, "आणि तुम्ही?" पुढे तो हो म्हणेल की नाही ते त्याच्यावर. मी बाहेर जाऊन बसेन.

१२. एक्स-रेचे नाव निघताच तो उठेल. तेव्हा आधी माझा काढावा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या छातीत जे काय असेल ते उजेडाला धरून त्याला दाखवावे, म्हणजे फिल्म निघाली म्हणून कुणी विमानात बसवत नाही हे त्याला दिसेल. तेवढ्याने भागले नाही तर सूनबाईचा काढावा. तिला विचारून ठेवले आहे. ती म्हणाली, "आई, सुयशचा काढा, मिक्सरचा काढा, पण ह्यांना तिथं बसवा."

१३. आणखी एक. आपल्या दवाखान्यात खोकला घेऊन येणाऱ्याचे नाव परस्पर कचेरीत जाते का, हे मला ठाऊक नाही. जात नसेल तर तेवढे एक वाक्य दारावर मोठ्या अक्षरांत लावावे. हिंदीत, मल्याळममध्ये, उर्दूत, मराठीत. बाहेर उभे राहून परत फिरणारा गिरीश एकटाच नसणार.

१४. काल तो बुटाची नाडी बांधायला वाकला तेव्हा मी जवळ होते. छातीत पेटी वाजत होती. हा सूर मी ओळखते. म्हणून शनिवारच्या पुढची वेळ कृपया देऊ नये. आणि वेळ मिळण्याआधी त्याला बसल्या जागी दम लागला, तर मी कुणालाच विचारणार नाही, रुग्णवाहिका बोलावीन. मग तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल.

१५. त्या वेळच्या माणसांचे पुढे काय झाले तेही नोंदवते. डॉ. अमिरुन्निसा हैदराबादला परत गेल्या. निवृत्त होईपर्यंत ईदला त्यांचे कार्ड येत असे. रूपेश कॅनडात मुलीकडे असतात आणि एक्स-रेची ती गोष्ट अजून व्हॉट्सॲपवर लिहितात. माझे यजमान २०१४ साली हृदयविकाराने गेले, शेवटच्या वर्षी एकदा म्हणाले, "यज्ञ्याला मी उचलून न्यायला हवं होतं." यज्ञेशने सिन्नरला हार्डवेअरचे दुकान काढले. जिना नको म्हणून तळमजल्यावर घर बांधले. लग्न झाले, मुलगी झाली, पण तिला त्याने कधी खांद्यावर घेतले नाही. दर हिवाळ्यात इस्पितळ, शेवटी घरातच प्राणवायूचे यंत्र. २००९ च्या जानेवारीत तो गेला. त्याच्या खांद्यावर बसणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हे मला अजून लिहिता येत नाही. ते शनिवारनंतर लिहीन.

शनिवारची वाट पाहणारी,

श्यामला चारुदत्त सबनीस
धाहरान, दि. १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

सोबत:
१. घरात सापडलेली गोळ्या-कॅप्सूलची अर्धवट पाकिटे, पिशवीत.
२. माझ्या इकाम्याची प्रत.
३. छायाचित्र, सन १९८६: मलाझच्या घराचा जिना, यज्ञेश, त्याच्या खांद्यावर गिरीश. दोघेही हसत आहेत. गिरीश ऐकेनासा झाला तर हे त्याच्यासमोर ठेवावे. काम झाल्यावर कृपया परत मिळावे.